प्लगचं निमित्त

देवासहून धारला जायचं म्हणजे आधी इंदूरला सरवटे स्टँडवर उतरायचं, तिथून टेम्पोत गुडघे पोटाशी घेऊन गंगवाल स्टँड गाठायचं आणि मग धारची बस पकडायची. एवढं सव्यापसव्य भाऊ साळुंखे दर रविवारी करत, आणि कशासाठी, तर एका मोपेडचा प्लग साफ करायला! धारमध्ये मेकॅनिक नव्हते अशातला भाग नाही. गल्लीच्या तोंडाशीच गणपतचं गॅरेज होतं. पण ती मोपेड भाऊंच्या लेकीची होती आणि लेक नुकतीच सासरी गेली होती. आता आलं ना लक्षात? भाऊंना मात्र वाटे की कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

भाऊ मूळचे कऱ्हाडकडचे. तरुणपणी देवासच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि तिथलेच होऊन गेले. नीरजा त्यांची एकुलती एक. ती बी.एड. करत होती तेव्हा त्यांनी तिला ही मोपेड घेऊन दिली होती. सत्त्याण्णव साली लग्न होऊन ती धारला भोइट्यांच्या घरी गेली, तेव्हा मोपेडही टेम्पोत चढून तिच्या पाठोपाठ गेली. तिच्यावरूनच नीरजा शाळेत शिकवायला जाई. जावई शंतनू बदनावरला बँकेत होता, रोज जाऊन येऊन करायचा. सासरे यशवंतराव पेन्शनीत निघालेले, सासू इंदूबाई. माणसं चांगली होती. सुनेला वर मान करून बोलू देणारी होती आणि भाऊंनी दुसरं काही मागितलंही नव्हतं.

अडचण माणसांची नव्हती, रीतीची होती. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही रीत महाराष्ट्रात आता कुणी फारशी पाळत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या भोइट्यांसारख्या घरांनी ती लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती. आणि भाऊंच्या पत्नी शशिकलाबाई तर म्हणत, की त्यांच्याकडची रीत आपण त्यांच्याहून कडक पाळायची, म्हणजे लेकीला कुणी बोल लावणार नाही. शिवाय आईबाप विनाकारण उठसूट लेकीच्या दारात दिसले, की शेजारीपाजारी कुजबुजतात, पोरीचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. तेव्हा जायचं तर काम हवं. काम नसेल तर घरी बसायचं आणि महिन्यातून एखादा फोन करायचा. तोही भोइट्यांच्या शेजारच्या नर्मदाबाईंच्या बैठकीत, चार माणसांदेखत. त्यात लेक काय बोलणार आणि आई काय विचारणार?

देवानं भाऊंना काम दिलं. दसऱ्याच्या सुमारास नीरजाचा फोन आला, की गाडी पेडल मारून मारून चालू होत नाही. खरं तर ही गणपतची दहा मिनिटांची कामगिरी. पण भाऊ म्हणाले, "कुणाला हात लावू देऊ नकोस, मीच येतो." पुढच्या रविवारी रेक्झिनच्या पिशवीत प्लगपाना, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर आणि हेक्सॉ ब्लेडचा तुकडा घेऊन ते धारच्या अंगणात हजर झाले.

भाऊंचं प्लग साफ करणं बघण्यासारखं असे. आधी कॅप काढून आजूबाजूची धूळ फुंकायची, नाहीतर प्लग काढल्याबरोबर ती सगळी सिलिंडरमध्ये पडते. मग प्लग काढायचा आणि डोळ्यांशी धरून वैद्यानं जीभ बघावी तसा बघायचा आणि मोठ्यानं निदान सांगायचं. चहाच्या रंगाचा असेल तर इंजिन सुखात आहे. पांढराफटक असेल तर तापतंय. काळा, ओला असेल तर पेट्रोलात मिसळायचं तेल पोटात जास्त झालंय. पेट्रोलमध्ये ब्रशनं धुवायचा, टोकावरची काजळी हलक्या हातानं घासायची, ब्लेडचा तुकडा फटीत सरकवून फट बरोबर आहे का ते पाहायचं. आणि शेवटी बसवताना भाऊ नेहमी म्हणायचे, "प्लग बोटांनी बसवायचा, पान्यानं नुसता निरोप द्यायचा." आटे आधी बोटांनी नीट लागले पाहिजेत. पहिल्यापासूनच पाना घेऊन जोर काढणारा माणूस त्यांच्या लेखी कसाई होता.

हे सगळं चाललेलं असताना नीरजा पायरीवर बसून बडबडत असे. शाळेतल्या मुलांच्या खोड्या, हेडमास्तरीणबाईंच्या सुपारी कातरत बोलण्याची नक्कल, काय वाटेल ते. भाऊ हूं हूं करत ऐकत. आणि मग चहा येई. तोही मोठा प्रकार होता. भाऊ या घरचं पाणीही घेणार नाहीत हे इंदूबाईंना ठाऊक. म्हणून त्या आपल्या स्वयंपाकघरात चहा करून भिंतीवरून नर्मदाबाईंच्या हातात देत. नर्मदाबाई तो घेऊन आपल्या दारातून बाहेर पडत, भोइट्यांच्या फाटकातून आत येत आणि म्हणत, "घ्या भाऊ, आमच्याकडचा आहे." त्यातल्या गवती चहाचं झुडूप इंदूबाईंच्या परसात होतं आणि नर्मदाबाईंकडे नव्हतं, हे भाऊंना दिसत होतं. पण धर्माच्या गोष्टीत फार चौकशी करू नये.

असे दोन-तीन रविवार झाले. प्लग आता प्रत्येक वेळी चहाच्या रंगाचा, एकदम ठणठणीत. तरी भाऊ तो काढून, धुऊन बसवत. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती दिवस चालणार? शेवटी त्यांनाच लाज वाटायला लागली. इंदूबाई भाजी निवडत जवळच बसल्या होत्या, त्यांच्यासमोर भाऊ म्हणाले, "गाडी आता फर्स्टक्लास आहे. मला काही यायला लागणार नाही." नीरजा हसून "बरं" म्हणाली आणि उठून आत गेली. त्या दिवशी ती पुन्हा पायरीवर आली नाही. भाऊ पिशवी आवळून बसस्टँडवर गेले आणि धार ते इंदूर खिडकीबाहेर बघत राहिले. लेकीला गाडी दिली हे चांगलं केलं, पण ती इतकी चांगली चालायला नको होती, असं त्या मेंटेनन्सवाल्या माणसाच्या मनात येऊन गेलं.

पण पुढच्याच आठवड्यात निरोप आला. गाडी बंद.

भाऊंनी प्लग काढला तर काय, काळाकुट्ट आणि चिकट. साफ केला, गाडी चालू झाली, धुराचे लोट निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. भाऊ नीरजावर वैतागले, "अगं, तेल किती घालतेस पेट्रोलमध्ये?" ती शपथेवर सांगे की पंपावरचा माणूस मापानं घालतो तेवढंच. भाऊंनी कार्बोरेटर खोलून पाहिला, एअर फिल्टर धुतला. दोष काही सापडेना. त्यात आणखी एक छळ. नेमकं गाडी चालू करून बघायच्या वेळेला अंगणात भज्यांचा खमंग वास सुटे. विहीणबाई रविवारी भजी तळतात, असं भाऊंनी धरलं. पोटात कावळे ओरडत असताना तो वास नाकात घेत ते पेडल मारत आणि शशिकलाबाईंच्या रीतिरिवाजांचा मनातल्या मनात उद्धार करत.

रविवारी उशिरा ते घरी पोहोचले, की शशिकलाबाई ताट वाढून विचारत, "कशी आहे?"

"काळा झाला होता पार," भाऊ सांगत. "तेल येतंय कुठून तरी."

"अहो, नीरजा कशी आहे?"

"चांगली आहे की."

"बारीक झालीय का? कोणती साडी नेसली होती?"

भाऊंना साडी आठवत नसे. प्लगची काजळी मात्र कोणत्या बाजूला जास्त होती ते आठवे. शशिकलाबाई भाकरी वाढत. एकदा त्या म्हणाल्या, "मला वाटतं, पोरगीच तेल ओतत असेल. तुम्ही यावं म्हणून." त्यानंतर त्यांनी तेलाची चौकशी बंद केली. काळा तर काळा. लेकीनं एवढं मनावर घेऊन काळा केलेला प्लग धुण्यात जे सुख होतं, ते त्यांना उभ्या नोकरीत मिळालं नव्हतं.

पण अति तेथे माती. मोपेडच्या इंजिनाचं हेड असतं ॲल्युमिनियमचं, मऊ. त्यात पोलादी प्लग दर आठवड्याला काढला-घातला, की आटे झिजणार हे काय भाऊंना सांगायला हवं होतं? कारखान्यात नव्या पोरांना तेच ओरडून सांगत, चालत्या मशीनला उगाच हात लावू नका रे. तरी एका रविवारी व्हायचं ते झालं. त्यांनी प्लग बोटांनी लावला, पान्यानं निरोप दिला आणि प्लग फिरतच राहिला. नुसता गोल गोल. कुठे अडकेना, कुठे घट्ट होईना. भाऊंचा हात पान्यावरच थांबला.

"काय झालं भाऊ?" नीरजानं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा प्लग फिरवून पाहिला.

गाडी ढकलत गणपतकडे न्यावी लागली. गणपतनं बॅटरीचा उजेड टाकून भोकात पाहिलं. "भिया, इसकी तो चूड़ी गई," तो म्हणाला. "कौन खोलता रेता है इसको? दो-तीन महीने में एक बार देख लो, भोत है. ये तो किसीने हफ्ते-हफ्ते खोला है." भाऊंनी पाना पिशवीत आणखी खाली ढकलला. गणपतनं दोन दिवसांत भोकात नव्या आट्यांची बुश बसवून दिली आणि निक्षून सांगितलं, की आता याला विनाकारण हात लावायचा नाही. या वेळी बुश बसली. पुन्हा गेली, तर पूर्ण हेड बदलावं लागेल.

भाऊंनी कानाला खडा लावला. लेकीला भेटायच्या हावेपायी लेकीचीच गाडी मोडली! ती ऐन शाळेच्या वेळेला दोन दिवस पायी गेली. सासरच्यांनी काय म्हटलं असेल? त्यांनी रेक्झिनची पिशवी पलंगाखाली सरकवली. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. शशिकलाबाई म्हणाल्या, "नुसतं भेटून या." भाऊ म्हणाले, "कशाला आलात विचारलं तर काय सांगू?" ते प्रश्न विचारणारं जग शशिकलाबाईंनीच तर इतकी वर्षं सांभाळलं होतं. रविवारी दुपारी भाऊ देवासच्या टेकडीवर जाऊन देवीसमोर बसत आणि तिच्याशीही न बोलता परत येत. घर खायला उठलं होतं.

मग एका शनिवारी कॉलनीच्या नाक्यावरचा पीसीओवाला सांगत आला, "अंकल, धार से फोन था. आपकी समधन थीं. बोलीं, गाडी बंद है, आके देख जाओ." भाऊंचा आधी विश्वासच बसेना. इंदूबाईंनी स्वतः फोन केला? म्हणजे प्रकरण मोठंच असणार. रात्रभर त्यांना हेड फुटल्याची स्वप्नं पडली.

सकाळी ते धारला पोहोचले तेव्हा अंगणात सामसूम होती. शाळेच्या कार्यक्रमाला नीरजाला सोडायला शंतनू गेला होता. यशवंतराव देवपूजेत होते. इंदूबाईच बाहेर आल्या. "या भाऊ. पोरं येऊन जातील इतक्यात. ती बघा गाडी, बिलकुल चालू नाही होत."

भाऊंनी बुशला धक्का न लावता जपून प्लग काढला. तेलानं न्हालेला होता. पुसला, धुतला, फट पाहिली, बोटांनी बसवला. पेडल मारलं. दोनदा फुरफुरून गाडी चालू झाली, पांढरा धूर निघाला आणि अंगणात भज्यांचा वास पसरला.

भाऊंनी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. चूल थंड होती. ओट्यावर भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं तेवढं झाकून ठेवलेलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आज एकादशी ना?"

"हो."

"मग भजी कोण तळतंय?"

भाऊ वाकले. सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेलं. ताठ झाले. टाकीचं झाकण काढून वास घेतला. आयुष्यभर इंजिनांत हात घातलेल्या त्या माणसानं पुन्हा एकदा वास घेतला, कारण पहिल्यांदा त्यांना तो खरा वाटला नव्हता.

"हे सोयाबीनचं तेल आहे," ते म्हणाले. "खायचं."

इंदूबाईंनी पदर तोंडावर धरला. आधी त्या हसताहेत की काय असं भाऊंना वाटलं, आणि हसतही होत्या थोड्या. "मला काय माहीत, गाडीचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, तेल जास्त झालं की प्लग काळा होतो. मग शनिवारी पोरं झोपली दुपारची, की मी पळीभर ओतत होते."

"तुम्ही? मला वाटत होतं नीरजा..."

"तिला काही नाही माहीत. ती सारखी त्या पंपवाल्याशी भांडून येते बिचारी."

भाऊ पायरीवर बसले. गाडी तशीच फटफटत होती. इंदूबाईंनीच पुढे होऊन विचारलं ही बंद कशी करायची, तेव्हा कुठे त्यांनी उठून बंद केली.

"पण का हो?" ते म्हणाले.

इंदूबाई समोरच्या जोत्यावर टेकल्या. "तुम्ही म्हणालात, आता यायला लागणार नाही. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. विचारलं तर म्हणे भूक नाही. अशी गुणी आहे, की रडतही नाही, नुसतं काम करत राहते. तुम्ही येता त्या रविवारी हे घर तिचं होतं, भाऊ. बाकीचे दिवस ती आमच्या घरी राहते."

भाऊंनी पिशवीतून फडकं काढलं.

"माझे वडील हाटपिपल्याचे," इंदूबाई सांगत राहिल्या. "माझं लग्न झाल्यावर आले होते एकदा. उन्हातून आले. पाणी घ्यायचं नाही, बसायचं नाही. दारातच उभे. सासूबाईंनी विचारलं, काय काम काढलंत? ते म्हणाले, काही नाही, असाच आलो. सासूबाई म्हणाल्या, काम नव्हतं तर एवढ्या लांबून कशाला परेशान झालात? त्यांचं मन वाईट नव्हतं हो. बोलायची रीत होती. पण वडील जे गेले ते परत नाही आले. मी आतून बघत होते, बाहेर यायची माझी हिंमत नाही झाली. नंतर ते गेल्याचाच निरोप आला." त्यांनी जोत्यावरची धूळ हातानं झटकली. "माझ्या वडलांना या घरात कुणी काम काढून दिलं नाही."

आतून यशवंतरावांच्या घंटेचा आवाज आला. भाऊंनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. डोळे भरून आले होते आणि हात तेलकट होते, त्यामुळे पुसायचीही सोय नव्हती.

"विहीणबाई, आता तेल नका ओतू," ते शेवटी म्हणाले. "इंजिन जाम होईल."

"नाही ओतणार. पण मग तुम्ही कशासाठी याल?"

भाऊंनी प्लगपाना पिशवीत टाकला.

त्या दिवशी घरी पोहोचल्यावर शशिकलाबाईंनी ताट वाढलं आणि सवयीनं विचारलं, "कशी आहे?" भाऊंनी या वेळी प्लगचं नाव काढलं नाही. नीरजा शाळेतून आली तेव्हा मोरपंखी साडी नेसली होती, केसांत अबोली होती, गालाची हाडं जरा वर आलीत पण डोळे छान आहेत, असं सगळं त्यांनी येताना बसमध्ये घोकत आणलं होतं, ते सांगितलं. मग इंदूबाईंचं सांगितलं. त्यांच्या वडलांचंही. सांगून झाल्यावर घास घेतला आणि वर पाहिलं, तर शशिकलाबाई परातीतल्या पिठात बोटं रुतवून तशाच बसल्या होत्या.

"तुम्हाला प्लग तरी होता," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर मी लेकीला तिच्या घरात एकदाही पाहिलेलं नाही. मला काय होतं?"

भाऊंनी ताट बाजूला सारलं. इतके रविवार ते एकटे जात होते आणि एकदाही त्यांच्या मनात हे आलं नव्हतं. मागे राहणाऱ्या बाईला साडीचा रंगसुद्धा त्यांनी कधी आणून दिला नव्हता. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, जशी गणपतसमोरही वाटली नव्हती.

"रविवारी चल," ते म्हणाले.

"कशासाठी आलो म्हणायचं?"

"ते तिथे गेल्यावर बघू."

शशिकलाबाईंनी आठवडाभर नाही म्हटलं. रविवारी पहाटे मात्र भाऊ उठले तेव्हा त्या लुगडं बदलून, कुंकू लावून दाराशी उभ्या होत्या. बसमध्ये त्यांनी तीनदा परत फिरूया म्हटलं. घाटाबिल्लोदच्या पुढे म्हणायचं सोडून दिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

फाटकाची कडी वाजली तेव्हा नीरजा अंगणात कपडे वाळत घालत होती. भाऊंना पाहून ती हसली आणि मग त्यांच्या मागे आई दिसली तशी तिच्या हातातली चादर खाली पडली. चेहरा पांढरा झाला. तिची नजर भाऊंच्या रिकाम्या हातांकडे गेली.

"आई? काय झालं? कुणाचं काही..."

"कुणाचं काही नाही गं," शशिकलाबाई म्हणाल्या. वाटेत दोन-चार कामं त्यांनी जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना. "काही काम नाही. तुला बघावंसं वाटलं. किती दिवसांपासून वाटत होतं."

नीरजा धावत आली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून अशी रडली, की सासरी आल्यापासून साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. शशिकलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पाठ बारीक झाली होती. ते भाऊंनी सांगितलं नव्हतं.

"कोण आलंय गं?" आतून इंदूबाईंनी विचारलं.

नीरजानं डोळे न पुसताच मान वर केली.

"माझी आई," ती म्हणाली. "नुसतीच आलीय."